मामानं कुणाला पाहिलं?

माझ्या मामाच्या कपाटात एक घड्याळ आहे. पांढऱ्या डायलवर लष्करी टोपीतला सद्दाम हुसेन, आणि त्याच्या मिशीवरून सेकंदकाटा फिरायचा. आता फिरत नाही. मिरजेच्या एका घड्याळजीनं ते उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सेल घालून देतो, पण हे साहेब कोण?" मामानं घड्याळ उचलून परत खिशात घातलं.

मामा 1985 च्या अखेरीस इराकला गेला. ड्राफ्ट्समन होता. त्या वर्षांत आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना तिकडे बांधकामाची कामं मिळत. इराणशी युद्ध चाललेलं, तिथली तरणी पोरं आघाडीवर, त्यामुळे भिंती बांधायला, रूळ टाकायला बाहेरची माणसं लागायची. इजिप्तचे मजूर तर लाखांनी होते. फेब्रुवारी 1988 च्या शेवटी इराणची क्षेपणास्त्रं बगदादवर पडायला लागली तेव्हा इकडे आजीनं देव पाण्यात ठेवले. एप्रिलात मामा घरी आला. खजुराची दोन पाकिटं, दौडत्या घोड्यांशेजारी सद्दाम छापलेली 25 दिनारची एक नोट आणि हे घड्याळ, एवढी त्याची इराकची कमाई आम्हा भाचरांना दिसलेली. बाकीची आजीच्या गहाण पाटल्या सोडवण्यात गेली.

आम्हाला त्याच्याकडून युद्धाच्या गोष्टी हव्या असायच्या. तो मात्र एकच गोष्ट सांगायचा, फुटबॉलच्या मॅचची. साइटवरच्या एका इराकी कारकुनानं त्याला बगदादच्या शाब स्टेडियममध्ये नेलं होतं. 87 चा हिवाळा. अल-रशीद नावाचा क्लब खेळत होता. हा क्लब सद्दामच्या थोरल्या मुलाचा, त्यामुळे तो हरत नसे किंवा हरू दिला जात नसे. त्या काळात लागोपाठ तीन वर्षं लीग त्यांनीच जिंकली. मॅच सुरू व्हायच्या आधी अचानक सगळं स्टेडियम उभं राहिलं. वरच्या कक्षात दाढीवाला, काळा चष्मा लावलेला एक उंच तरुण आला आणि त्यानं हात हलवला. तो उदय.

आमच्या गल्लीत दोन उदय होते, एक दूधवाल्यांचा आणि एक बँकेतल्या कुलकर्ण्यांचा. त्यामुळे क्रूरकर्म्याचं नाव उदय असू शकतं हे आम्हाला पटायचं नाही. मामा दुरुस्त करायचा, "उदय नव्हे गं, उदै. ऐकारान्त." आपली वर्तमानपत्रं मात्र शेवटपर्यंत 'उदय हुसेन' असंच छापत राहिली. दरवर्षी मामाच्या गोष्टीत थोडी भर पडायची. एका दिवाळीत उदैच्या हातात सिगार आला. पुढच्या मे महिन्यात तो सिगार उजव्या हातातून डाव्या हातात गेला. आम्ही काही बोलत नसू. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी मोकळीक द्यावी लागते.

मग 2011 साल आलं. माझा धाकटा भाऊ लॅपटॉपवर एक इंग्रजी सिनेमा घेऊन मामाकडे गेला. उदैच्या ड्युप्लिकेटची गोष्ट होती, दोन्ही भूमिका एकाच नटानं केलेल्या. सिनेमा संपल्यावर भावानं विचारलं, "मामा, मग तू त्या दिवशी कुणाला पाहिलंस?"

मामा उठून चहा टाकायला गेला.

ज्याच्या सांगण्यावरून तो सिनेमा निघाला त्याचं नाव लतीफ याह्या. त्याचं म्हणणं असं : तो आणि उदै एकाच वर्षी, 1964 च्या जून महिन्यात जन्मले, बगदादमध्ये एकाच शाळेत होते, आणि दोघांचे चेहरे मिळतेजुळते म्हणून पोरं चिडवायची. पुढं लतीफ लष्करात गेला. 1987 च्या सप्टेंबरात आघाडीवरून त्याला बोलावणं आलं आणि गाडी थेट राजवाड्यात गेली. तिथं उदैनं त्याला सांगितलं, तू माझा फिदाई हो. त्यानं नको म्हटलं. मग एका लाल रंगाच्या कोठडीत काही दिवस, आणि नंतर आईबहिणींची आठवण करून देणं. तो हो म्हणाला. त्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली. उदैचे वरचे दात पुढं आलेले होते, बोलताना त्याची जीभ अडखळायची, म्हणून याचेही दात तसे करून दिले आणि जिभेला अडखळायला शिकवलं. चित्रफिती दाखवून चालणं, बसणं, सिगार धरणं गिरवून घेतलं. आणि पहिल्यांदा लोकांसमोर उभं केलं ते, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर, बगदादच्या एका फुटबॉल मॅचला.

मॅचचं वाचल्यावर मी मामाला फोन केला नाही, पण करावासा वाटला.

'फिदाई' या शब्दाशी मी जरा अडले. आपण गाण्यावर फिदा होतो, कुणाच्या हसण्यावर फिदा होतो. तो फिदा मुळात अरबी. एखाद्याला सोडवण्यासाठी मोबदल्यात जे द्यायचं ते फिदा, खंडणी म्हणा किंवा स्वतःचा जीव. दुसऱ्यासाठी स्वतःला मोजून देणारा तो फिदाई. 1995 मध्ये उदैनं जे खासगी सैन्य उभारलं त्याचंही नाव 'फिदाईन सद्दाम' असंच होतं. आपल्याकडे येईपर्यंत या शब्दातलं रक्त सुकून गेलं आणि नुसती लाली उरली. उदैच्या तोंडी तो आला असेल तर जुन्या अर्थानं आला असणार : तुझं शरीर माझ्या बदल्यात.

मराठीत असं कुणी निघालं की आपल्या ओठावर लगेच 'तोतया' येतो. पण तोतया वेगळा. तोतया स्वतःहून येतो आणि स्वतःसाठी येतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तो असा. भाऊंच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात किंतु होता, आणि त्या किंतूत एक कनोजा ब्राह्मण येऊन बसला. त्याला कैदेत टाकलं, तर रत्नागिरीचा सुभेदारच त्याला फितूर झाला, आणि बघता बघता निम्मं कोकण त्याच्या मागं उभं राहिलं. शेवटी 1776 च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. एवढं बंड झालं ते केवळ चेहऱ्यामुळे नव्हे. भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा होती, म्हणून झालं. शनिवारवाड्यात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई अखेरपर्यंत कुंकू लावत होत्या. तोतयाचं अर्धं काम त्या कुंकवानं केलं, असं मला नेहमी वाटतं.

आणि दुसरीकडे आपला शिवा काशीद. कोल्हापूर-मिरजेकडच्या शाळेची सहल पन्हाळ्याला गेली नाही असं होत नाही, आणि पन्हाळ्याला गेल्यावर शिवा काशीदची गोष्ट ऐकली नाही असंही होत नाही. 1660 चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस. महाराज एका वाटेनं विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या वाटेनं एक पालखी निघाली. तिच्यात महाराजांच्या वेशात बसला होता तो गडाखालच्या नेबापूरचा शिवा काशीद, जातीनं न्हावी, चेहऱ्यानं महाराजांसारखा, असं परंपरा सांगते. ती पालखी पकडली जाण्यासाठीच निघाली होती. सहावीत असताना तिथं उभं राहून ऐकताना मला एकच प्रश्न पडला होता, आणि बाईंना विचारायचं धाडस झालं नव्हतं : न्हावी म्हणजे त्यानं महाराजांची दाढी कधी केली असेल का? आरशात दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसले असतील का?

शिवा काशीद पालखीत बसला तेव्हा आपण कुणासाठी आणि किती वेळासाठी बसतोय हे त्याला माहीत होतं. एक रात्र. तेवढी रात्र खोटं टिकलं की झालं, पुढं ते उघडं पडणारच होतं. लतीफच्या गोष्टीत मुदतच नाही. सोंग कधी उतरवायचं हे सोंग घेणाऱ्याच्या हातात नाही.

माझ्या लहानपणी मिरजेत बहुरूपी यायचे. एक जण पोलिसाच्या वेशात यायचा, हातात वही, तोंडात शिट्टी. दारात उभा राहून आजीला दरडावायचा, "म्हातारे, वॉरंट काढलंय तुझ्यावर, जावयाला पुरणपोळी घातली नाहीस म्हणून!" आम्ही आत पळायचो. आजी हसत सुपात गहू घेऊन यायची. गहू झोळीत पडले की तो टोपी काढायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि अगदी वेगळ्या, थकलेल्या आवाजात पाणी मागायचा. मला सोंगापेक्षा तो क्षण जास्त आठवतो, टोपी काढल्यावरचा. फुफाट्यात चालून आलेला माणूस एकदम दिसायचा.

राजवाड्यातल्या माणसाला टोपी कुठं काढता येत असेल? कपडे उदैचे, घड्याळं उदैची, गाड्या उदैच्या गॅरेजातल्या. आणि उदैकडे गाड्या इतक्या होत्या की एकदा बापानं चिडून त्या जाळल्या तेव्हा ती शहरभर बातमी झाली. जेवण उत्तम. पण मला वाटतं, अवघड भाग दातांचा किंवा चालीचा नसणार. तो रागाचा. उदैचं सगळं उदैपण त्याच्या रागात होतं. वयाच्या विसाव्या वर्षी, 1984 मध्ये, तो इराकच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला. फुटबॉल संघटनाही त्याच्याच हातात. मॅच हरून आलेल्या खेळाडूंना तो तुरुंगात पाठवायचा, तळपायांवर फटके द्यायला लावायचा. ऑलिंपिक समितीच्या इमारतीतच कोठड्या होत्या. पुढं देशाबाहेर पडलेल्या खेळाडूंनी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आता अशा माणसाच्या जागी दुसरा उभा करायचा तर त्याला ओरडता यायला हवं, आणि ओरडल्यावर समोरचा खरोखर थरथरायला हवा. तो थरथरला तर तुम्ही सोंग उत्तम वठवलं. पण मग त्या थरथरण्याचं करायचं काय? ते रात्री उशाशी येत असेल की नाही?

लतीफ सांगतो की त्याला येत असे. तो 1991 च्या युद्धानंतर निसटला, आधी उत्तरेकडच्या कुर्द भागात आणि मग युरोपात.

त्या घराबद्दल जे निर्विवाद ठाऊक आहे ते या गोष्टीपेक्षा कमी विचित्र नाही. सद्दामचा कामेल हन्ना नावाचा अत्यंत विश्वासातला सेवक होता. साहेबांचं ताट साहेबांच्या आधी चाखणं हे त्याचं एक काम. म्हणजे तोही एका अर्थी ड्युप्लिकेटच, पोटाचा. विष असेल तर आधी याच्या पोटात जाणार. 1988 च्या ऑक्टोबरात बगदादमध्ये तैग्रिसच्या बेटावर मेजवानी होती. इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पाहुण्या होत्या. उदै तिथं आला आणि त्यानं सगळ्यांसमोर कामेल हन्नाला मारून टाकलं. सद्दामच्या आयुष्यात जी दुसरी बाई आली तिची गाठ यानं घालून दिली, आईचा अपमान केला, हा त्याचा राग. इतकी वर्षं ताटातल्या विषाची वाट बघणारा माणूस मालकाच्या मुलाच्या हातून गेला. उदैला थोडे दिवस कैद झाली, मग स्वित्झर्लंडला पाठवणी, आणि मग तो परत आला. शिक्षा कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते बगदादलाही नीट कळलं नसेल.

पुढं तर घर आतूनच फाटत गेलं. 1995 च्या ऑगस्टमध्ये उदैनं स्वतःच्या काकाच्या पायावर गोळ्या झाडल्या. त्याच सुमाराला सद्दामचे दोन्ही जावई मुलींना घेऊन जॉर्डनला पळाले. माफी मिळेल या शब्दावर फेब्रुवारी 1996 मध्ये परतले आणि तीनेक दिवसांत मारले गेले. विहिणी-व्याह्यांचे रुसवेफुगवे आपणही पाहिलेत, मानपानावरून लग्नातली ताटं उलटलेली पाहिलीत. पण त्या घरातल्या ताटाची जातच निराळी होती.

हे सगळं ओळीनं वाचलं की ड्युप्लिकेटची कल्पनाच थोडी हास्यास्पद वाटायला लागते. गोळी बाहेरून येणार असेल तर ती झेलायला दुसरा चेहरा पुढं करता येतो. इथं हातही घरातले आणि नेमही घरातलाच. अशा घरात दोन उदै ठेवणं म्हणजे घराला दुसरा उदै पुरवणं. पहिल्यालाच माणसं पुरी पडत नव्हती.

आणि बाहेरून गोळ्या आल्या तेव्हा काय झालं? 12 डिसेंबर 1996 च्या संध्याकाळी बगदादच्या मन्सूर भागात उदैच्या गाडीवर हल्ला झाला. गाडीत खरा उदैच होता. शरीरात अनेक गोळ्या गेल्या, तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढं काठी घेऊन चालायचा. पायात धातूची पट्टी बसवली. ही पट्टी लक्षात ठेवा.

इथं एक कबुली द्यायला हवी. लतीफची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका रात्रीत, पापणी न हलवता वाचली. मग त्याच वर्षी, 2011 मध्ये, काही पत्रकारांनी खोदकाम केलं. उदैच्या भोवती वावरलेली, त्याच्यासाठी काम केलेली माणसं शोधली. त्यांनी सांगितलं, असा कुणी ड्युप्लिकेट आम्हाला माहीत नाही. लतीफनं अर्थातच ते फेटाळलं आणि तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. म्हणजे आता प्रकरण असं झालं की एक माणूस म्हणतोय मी तोतया होतो, आणि दुसरे म्हणताहेत, तू तोतयाचा तोतया आहेस. नाना फडणीस असते तर त्यांनी पंच नेमले असते. भाऊंच्या तोतयाच्या वेळी नेमले होते तसे.

मला मात्र माझीच जास्त गंमत वाटली. मला तो खोटा असू शकेल असं वाचताना एकदाही का वाटलं नाही? आपल्या तालुक्यातल्या एखाद्या पुढाऱ्याबद्दल कुणी म्हणालं की त्याच्या जागी त्याचा ड्युप्लिकेट सभेला जातो, तर आपण हसू. उदैबद्दल म्हटलं की मान डोलावतो. कारण कामेल हन्ना खरा आहे, फुटबॉलपटूंचे सुजलेले तळवे खरे आहेत, जावई खरे आहेत. एवढं खरं असल्यावर दातांची शस्त्रक्रिया कोण नाकारणार? त्या राजवटीनं काहीही खरं वाटेल अशी जमीन नांगरून ठेवली होती. त्यात पेरलेलं प्रत्येक बी उगवायचं.

सद्दामचंही तेच. 2002 मध्ये डीटर बुमान नावाच्या एका जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञानं त्याची 450 छायाचित्रं तपासून सांगितलं की सद्दाम म्हणून मिरवणारे किमान तिघे वेगळे आहेत. 20 मार्च 2003 ला अमेरिकेचे पहिले बॉम्ब पडल्यावर काही तासांनी सद्दाम टीव्हीवर आला. जाड भिंगाचा चष्मा, हातात कागद, चेहरा सुजल्यासारखा. सगळं जग विचारत होतं, हा तोच का? मामाकडे आम्ही सगळे बसून बघत होतो. मामा कपाटातून घड्याळ घेऊन आला आणि टीव्हीच्या काचेजवळ धरून बघायला लागला. मामी म्हणाली, "अहो, बाजूला व्हा, पुढची बातमी दिसत नाही."

आता जरा हलकं. कारण सोंगातही एखादं सुखाचं सोंग असतं.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जनरल माँटगोमेरीचा ड्युप्लिकेट केला होता. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा नट, क्लिफ्टन जेम्स, लेस्टरला लष्कराच्या पगार खात्यात लेफ्टनंट होता. नॉर्मंडीवर उतरायच्या थोडं आधी, मे 1944 च्या अखेरीस, त्याला माँटगोमेरी म्हणून जिब्राल्टरला आणि मग आफ्रिकेत अल्जीयर्सला धाडलं, म्हणजे जर्मनांना वाटावं की हल्ला दक्षिणेतून होणार. अडचणी दोन. पहिल्या महायुद्धात जेम्सचं एक बोट गेलेलं, ते खोटं बसवावं लागलं. आणि माँटगोमेरी दारू-सिगरेटला शिवत नसे, तर जेम्सला दोन्हींचा नाद. पण मला आवडते ती तिसरी गोष्ट. तो जितके दिवस जनरल होता तितक्या दिवसांचा पगार त्याला जनरलचा मिळाला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपली माणसं सांगून गेलीत. पगार खात्यातल्या या कारकुनानं ते तेवढ्यापुरतं खोटं पाडलं. युद्धानंतर त्यानं सगळं लिहून काढलं, त्यावर सिनेमा निघाला, आणि सिनेमात त्यानं स्वतःचं आणि माँटगोमेरीचं असं दोघांचं काम केलं. त्याला टोपी काढता आली, आणि वर तिकीट लावून दाखवताही आली.

स्टॅलिनच्या ड्युप्लिकेटला त्यासाठी साठ-पासष्ट वर्षं थांबावं लागलं. दागेस्तानचा नर्तक फेलिक्स दादायेव. त्यानं 2008 मध्ये, नव्वदीला टेकल्यावर, तोंड उघडलं. युद्धात तो मेला असं घरच्यांना कळवलं गेलं होतं, असं त्यानं सांगितलं. विशीतला पोरगा, रंगभूषा करून साठीच्या माणसाच्या जागी उभा राहायचा. स्वतःचं श्राद्ध झालेलं असताना दुसऱ्याचा म्हातारा चेहरा लावून सलाम घ्यायचे.

पुन्हा उदैकडे येते. 22 जुलै 2003, मोसुल. उदै आणि त्याचा धाकटा भाऊ कुसै एका घरात लपले होते. खबर देणाऱ्याला प्रत्येकी दीड कोटी डॉलर इनाम होतं, खबर मिळाली. कित्येक तास गोळीबार चालला, शेवटी अमेरिकी सैन्यानं घरावर क्षेपणास्त्रं सोडली. दोघे भाऊ आणि कुसैचा 14 वर्षांचा मुलगा त्यात मेले. पण इराकमध्ये कुणी विश्वास ठेवेना. पंचवीस वर्षं ड्युप्लिकेटच्या कहाण्या ऐकलेले लोक. कुणीतरी गरीब बिचारा मारला असेल, उदै केव्हाच पळाला, अशी चर्चा. मग अमेरिकेनं प्रेतांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. रक्ताळलेले, दाढी वाढलेले चेहरे बघून लोक म्हणाले, हा उदै वाटत नाही.

तेव्हा त्यांनी काय केलं? त्यांनी उदैला उदैसारखा केला. प्रेतं बगदादच्या विमानतळावर आणली, वाढलेल्या दाढ्या आवरल्या, लांबी भरून चेहरे नीट केले आणि मग पत्रकारांना बोलावून दाखवले. वर पुरावे दिले. 1996 च्या हल्ल्यानंतर पायात घातलेली धातूची पट्टी. आणि दातांच्या नोंदी. कुसैचे दात शंभर टक्के जुळले, उदैचे तोंडाला मार बसल्यामुळे 90 टक्के.

90 टक्के हे वाचून मी थबकले होते. लतीफची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. पुढं आठ वर्षांनी ती वाचताना दात आले आणि हा आकडा आठवला. एक जण म्हणतो माझे दात उदैसारखे करून दिले होते. आणि उदैचे स्वतःचे दात शेवटी दहा टक्के कमी पडले.

ती छायाचित्रं आमच्या घरी वर्तमानपत्रातून आली. मामानं पेपर दुमडून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हा नव्हे." एवढंच. आम्हाला वाटलं, बाकी इराक्यांसारखाच मामाही बोलतोय.

गेल्या गणपतीत मी मिरजेला गेले होते. मामा आता 74 वर्षांचा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर तो हिरवा चष्मा. दुपारी सगळे झोपलेले, आम्ही दोघं ओटीवर मोदकाच्या सारणासाठी नारळ फोडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "मामा, 2003 ला पेपर बघून तू 'हा नव्हे' म्हणालास. म्हणजे तुला चेहरा चांगलाच लक्षात होता की."

त्यानं नारळाची शेंडी सोलायची थांबवली.

"अगं, मी बघितलाच नाही त्याला."

"म्हणजे? मॅचला तू..."

"गेलो होतो की. सगळे उठले, मीही उठलो. तो वर आला असेल. माझ्याबरोबरचा तो कारकून होता ना, त्यानं जाताना बजावलं होतं. टाळ्या सुरू झाल्या की वाजवायच्या आणि मी थांबलो की थांबायचं. आधी नाही, नंतर नाही. अरबी मला येत नव्हती, काय चाललंय कळत नव्हतं. मी आपला सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत होतो." मामानं नारळ उचलून कानाशी हलवून पाहिला. "त्याचे हात मात्र अजून सांगेन तुला. डाव्या करंगळीवर शाईचा डाग होता."

"आणि सिगार?"

"तो असेल कुठल्या तरी फोटोतला," मामा म्हणाला आणि नारळ दगडावर आपटला.